लांडगा दिवसा विचारायचा

गेलं वर्षभर मी घरात जेवलो असेन, पण बसून नाही. एक घास, की उठून लॅपटॉपकडे. दुसरा घास, की परत. बायको म्हणायची, "अहो, ते ठिपके कुठं पळून जाणारेत का?" पळून जात नव्हते, हीच तर अडचण होती. मला हवे तिथं ते जात नव्हते.

ठिपक्यांचं आधी सांगतो, म्हणजे माझं डोकं फिरलेलं नव्हतं एवढं तरी कळेल. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. पन्नाशी दिसायला लागल्यावर मला पीएचडीची खुमखुमी आली. खरं म्हणजे ती आणली गेली, कारण त्याशिवाय वरची जागा नाही. विषय असा की, संगणकात एक खोटं गाव वसवायचं. माणसांच्या जागी ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या डोक्यात थोडे शब्द. ठिपके हिंडतात, भेटतात, एकमेकांचे शब्द उचलतात, म्हातारे होऊन मरतात. नवे जन्मतात आणि जवळच्यांचं ऐकून बोलायला शिकतात. दुपारच्या चहापर्यंत अशा कितीतरी पिढ्या उरकतात. मग बघायचं, कुठला शब्द टिकला, कुठला मेला आणि का. खऱ्या जगात हे बघायचं तर माणसाला शेकडो वर्षं जगावं लागेल, आणि आमच्या कॉलेजात अठ्ठावन्नलाच घरी पाठवतात.

माझी माय पहिल्यांदा पडद्यासमोर बसली तेव्हा बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मेंढरं हाईत व्हय?"

"नाही गं, माणसं आहेत."

"मंग ते कोपऱ्यातलं एकलंच का उभंय? हाक मार त्याला."

आम्ही मूळचे पिशोरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. चौथीनंतर मला शहरात वसतिगृहात टाकलं आणि मी मेंढरांतून सुटलो. चुलत भाऊ सुटला नाही. त्याला मी दादा म्हणतो, तो मला मास्तर म्हणतो, आणि त्यात आदर औषधाला नसतो. माझ्या मार्गदर्शक माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात, आणि चुकलेलं सांगायची वेळ आली की दोघंही खिडकीबाहेर बघतो. त्याच म्हणाल्या होत्या, "सर, तुमच्याकडे स्वतःचे लोक आहेत. त्यांचे शब्द घ्या ना."

म्हणून दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांत मी पिशोरला चकरा मारल्या. मोबाईलमध्ये चित्रं भरून नेली. मेंढी, बोकड, कुत्रा, गारगोटी, निवडुंग, लांडगा. चित्र दाखवायचं आणि विचारायचं, याला काय म्हणता? दिवसा मंडळी रानात. संध्याकाळी मेंढरं परत यायची, वाघूर लागायची, म्हणजे त्यांच्याभोवती जाळ्याचं कुंपण उभं राहायचं, आणि मग चहा, शेकोटी आणि मी.

बाकी चित्रांवर साधी, अपेक्षित उत्तरं मिळाली. लांडग्याच्या चित्रावर मात्र म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळे एकच बोलले: "माळावरला."

माळावरचा तो, एवढाच अर्थ. लांडगा हा शब्द एकाच्याही तोंडात नाही. शेजारच्या शेतकरी घरांत विचारलं तर ते सरळ लांडगा म्हणत होते. म्हणजे एका समाजानं एक जुना शब्द मुळासकट टाकून दिला होता, आणि तोही सगळ्या वयांत एकदम. माझ्या अंगावर काटा आला. संशोधकाला असा काटा आयुष्यात फार वेळा येत नाही, म्हणून मी त्याला जपलं. एका चुलतीनं चित्र बघताच मोबाईल पालथा घातला होता. मी वहीत लिहिलं, वृद्धांना पडद्याच्या उजेडाचा त्रास होतो.

आता माझ्या ठिपक्यांनी हेच करून दाखवायला हवं होतं. ते करेनात. जुना शब्द म्हाताऱ्या ठिपक्यांत रेंगाळायचाच. मी आकडे फिरवायला लागलो. पोरांचा प्रभाव वाढवला. शाळेचा प्रभाव वाढवला. वनखात्याच्या पाट्यांचाही एक प्रभाव घातला, जो मला स्वतःलाही पटत नव्हता. दोन्ही शब्दांना प्रतिष्ठेचे गुण दिले. रोज सकाळी उठून एक आकडा थोडा वर, एक थोडा खाली. कॉलेजात आमचा शिपाई रोज विचारायचा, "क्या सर, हो गया क्या?" मी म्हणायचो, होतंय. तो म्हणायचा, "पिछले साल भी होतंयच था."

शेवटी एका रविवारी झालं. लांडगा शब्दाची रेघ पडद्यावर सुरेख घसरत आली आणि शून्यावर टेकली. मी बायकोला हाक मारून दाखवली. ती लासूर स्टेशनच्या शेतकरी घरातली, आणि वाळूजला एका कारखान्याच्या हिशोबखात्यात आयुष्य गेलेलं. रेघेपेक्षा ती माझ्याकडेच बघत म्हणाली, "इतकी गुळगुळीत रेघ आमच्याकडे कुणी दाखवली ना, तर साहेब आधी व्हाउचर मागतात."

मी हसण्यावारी नेलं. समितीपुढचं सादरीकरण तोंडावर आलं होतं. नोंदणीची मुदत एकदा वाढवून मिळालेली. समितीनं हो म्हटलं तर प्रबंध सादर, नाही म्हटलं तर सगळं बासनात आणि मी कायमचा 'होतंय' म्हणणारा माणूस. झोप उडालेली. हर्सूलच्या तलावाकडे फिरायला जायचो तर वाटेत स्वतःशीच बोलत जायचो आणि ओळखीचे लोक रस्ता ओलांडून पलीकडे व्हायचे.

घरात तालीम सुरू झाली. हॉलमध्ये मी उभा, सोफ्यावर बायको, मोबाईलवर वेळ लावून. रविवारी सकाळी एकदा झाली. मग सोमवारी ती कामावरून आल्यावर, दिवे लागल्यावर दुसरी. संपल्यावर तिनं मोबाईल बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय झालं? लांबलं का?"

"लांबलं नाही. तुम्ही लांडगा म्हणालाच नाहीत."

"काहीतरीच. सगळं लांडग्यावरच तर आहे."

"तेच म्हणते. काल सकाळी ऊठसूट लांडगा, लांडगा. आज 'तो प्राणी', 'संबंधित शब्द', 'वर उल्लेख केलेला शब्द'. मला वाटलं, मॅडमनी बदलायला सांगितलं."

मी म्हणालो, योगायोग. आणि तिला दाखवायला म्हणून तो शब्द मोठ्यानं म्हणायला गेलो. आता हे लिहिताना हसू येतं, पण माझ्या जिभेनं पाय मागं ओढला. लहानपणी देवघरात चप्पल घालून शिरल्यावर जसं व्हायचं, तसं झालं. तरी रेटून म्हणालोच.

स्वयंपाकघरातून माय ओरडली, "दिवा लागलाय अन् काय बोलतो रं?"

बायको माझ्याकडे, मी बायकोकडे.

"अगं माय, इथं फ्लॅटमध्ये कुठली मेंढरं?" मी विचारलं.

"नसू देत," माय म्हणाली. "नाव घेतलं की येतंय."

"आत्या, इथं जवळ जेल आहे," बायको म्हणाली. "तिथून कुणी सुटून आलं तर येईल, दुसरं कोण येतंय?"

"हस तू," माय म्हणाली आणि भाकरी उलटवली.

मी मात्र सोफ्यावर बसलो, आणि वर्षभरात पहिल्यांदा बसलो तो असा. मेंढरं वाघुरीत बसल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. मला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. बोलायला घरातलं दहाजण मिळून शिकवतात. न बोलणं मात्र पोराला कुणी हाताला धरून शिकवत नाही. चौथीपर्यंतच्या संध्याकाळींत ते लागलं आणि वसतिगृह, डिग्र्या, फ्लॅट सगळ्यातून माझ्याबरोबर आलं. आणि मी, त्याच घरातला, संध्याकाळी शेकोटीला बसून, शेजारी वाघूर असताना, माणसांना त्याचं चित्र दाखवून नाव विचारत होतो. बाहेरचा कुणी असता तर त्यानं निदान रानात मागं हिंडून दिवसा तरी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कॉलेजच्या पार्किंगमधून दादाला फोन लावला. तो रानात होता. मागं घंटा वाजत होत्या.

"दादा, हल्ली तिकडं... जनावराचा त्रास आहे का?"

"लांडग्याचा व्हय? परवा दिसलं की एक लांडगं, बंधाऱ्यापाशी. का रं?"

इतकं सहज, जसं पानाचं दुकान दाखवावं. मी संध्याकाळी परत फोन केला. हा माझा प्रयोग होता, त्यामुळं प्रश्न तोच ठेवला.

"मास्तर, दुपारीच सांगितलं ना तुला. माळावरला हिंडतोय बंधाऱ्याकडं. तुला मेंढरं घ्यायचीत का काय?"

"नाही, सहज."

"लई सहज फोन करायला लागला. तब्येत बरी हाय ना?"

तब्येत बरी नव्हती. शब्द मेलेला नव्हता. तो रोज सकाळी उठून रानात जात होता आणि दिवेलागणीला गप्प बसत होता. मी त्याचं झोपलेलं तोंड बघून मृत्यूचा दाखला लिहिला होता, आणि वर ठिपक्यांकडून साक्षीही काढून घेतल्या होत्या.

मॅडमना सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मीही बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं; एक माणूस स्कूटरला किक मारत होता.

"सर, आलेख छान होता हो," त्या शेवटी म्हणाल्या.

"छान होता."

"समितीला कळलं नसतं."

"कळलं नसतं."

"मग?"

"मला संध्याकाळी बोलता येत नाही, मॅडम. चोरी बोलतानाच पकडली जाईल."

त्या हसल्या नाहीत आणि तारीखही पुढं ढकलली नाही. ढकलता येणार नव्हती. जे काही करायचं ते हाताशी उरलेल्या दिवसांत.

मी ठिपक्यांच्या गावाला दिवस आणि संध्याकाळ दिली. वर्षभर ते बिचारे कायमच्या एकाच वेळेत जगत होते. आता प्रत्येक ठिपक्याकडे दोन शब्द, आणि कुठला कधी गिळायचा याचा नियम. सोडून दिलं आणि बघत बसलो. म्हणजे उठत-बसत राहिलो.

पहिल्यांदा सगळं ठीक चाललं. दिवसाचा शब्द दिवसा, संध्याकाळचा संध्याकाळी, पिढ्यामागून पिढ्या. एकही आकडा न पिळता. मला इतका आनंद झाला की मायला लाडू मागितला. मग मला एक अवदसा आठवली. मी काही ठिपक्यांना शाळेत घातलं. म्हणजे दिवसभर ते कळपापासून लांब, फक्त संध्याकाळी मोठ्यांजवळ. आजचं पिशोर तसंच आहे; दादाचा नातूही सकाळी पिवळ्या बसमध्ये बसतो.

थोड्याच पिढ्यांत घराघरातून लांडगा शब्द गेला. पोरं संध्याकाळचंच ऐकत होती, त्यांना माळावरला हेच त्याचं नाव वाटत होतं. गिळायला दुसरा शब्दच उरला नाही. म्हणजे माझी रेघ शेवटी शून्यावरच आली, फक्त वेगळ्या वाटेनं आणि पुढच्या काळात. पहिल्यांदा मी जिवंत शब्दाला मेलेला ठरवलं होतं. आता तो मरणार आहे असं दिसत होतं, आणि तेही माझ्यासारख्या पोरांमुळं, ज्यांना शाळेत घालायला घरच्यांनी मेंढरं विकली. हे बरोबर आहे की परत माझा हात फिरलाय, हे कळेना. व्हाउचर कुठंय, हा बायकोचा प्रश्न डोक्यात गिरणीसारखा फिरत राहिला.

सादरीकरणाची वेळ दुपारची मिळाली. बायको म्हणाली, "बरं झालं, उन्हाचं आहे." समितीत तिघं. त्यातले एक बाहेरून आलेले ज्येष्ठ प्राध्यापक, डोळे मिटून ऐकणारे. प्रोजेक्टर सुरू झाला, पडद्यावर ठिपके नीट दिसेनात, म्हणून शिपायानं खिडक्यांचे जाड पडदे ओढले. खोलीत गुडुप अंधार. मी बोलायला लागलो. पहिली चूक सांगितली, दुसरं गाव दाखवलं, शाळेचे ठिपके दाखवले. बरं चाललं होतं असं मला वाटत होतं.

ज्येष्ठांनी डोळे उघडले. "एक शंका. तुम्ही कुठल्या प्राण्याबद्दल बोलताय?"

"सर, तो... पडद्यावर लिहिलंय."

"वाचलं मी. पण तुम्ही मघापासून एकदाही म्हणाला नाहीत. मी वाटच बघतोय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मी म्हणायचा प्रयत्न केला. अंधारात तीन चष्मे चमकत होते आणि माझ्या घशात चौथीतलं पोरगं बसलेलं.

"सर, पडदे उघडले तर सांगतो."

शिपायानं पडदे बाजूला सारले. एप्रिलचं ऊन थेट टेबलावर पडलं. मी म्हणालो, "लांडगा." मग सुटकेच्या भरात आणखी दोनदा म्हणालो, त्याची गरज नव्हती. समितीतले दुसरे सर हसायला लागले. ज्येष्ठ हसले नाहीत. ते म्हणाले, "हे तुमच्या आलेखांपेक्षा मला जास्त पटलं. पण हे एका माणसाचं झालं. बाकीच्यांचं सगळं तुम्ही संध्याकाळी गोळा केलंय. दिवसा जा. शब्द नेमका कुठं बदलतो ते बघा. तुमच्या प्रोग्राममध्ये तो एका क्षणात बदलतो. माणसांत तसा बदलतो का? हे आलं, की प्रबंध द्या. मुदत वाढवायची शिफारस मी करतो."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "म्हणजे पास की नापास?"

"म्हणजे पिशोर."

"तरीच तुम्ही बसत नाही आहात."

दादानं फोनवर अट घातली. "दिवसा यायचं तर माझ्यामागं चालायचं. एका जागी बसून बोलायला मी काय समिती हाय का?" कॉलेजला सुट्टी लागली तसा मी गेलो. सकाळी मेंढरांबरोबर निघालो आणि अर्ध्या तासात मला कळलं की माझ्या पद्धतीत आणखी एक भोक आहे. उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नाही. नुसता काळा आरसा. त्यात घामेजलेला मीच. संध्याकाळी चित्र दिसतं तर नाव घेत नाहीत, दिवसा नाव घेतात तर चित्र दिसत नाही. आणि तोंडानं विचारावं तर शब्द मीच त्यांच्या तोंडात घालणार.

नशिबानं शहरातून लांडग्याच्या चित्राची एक रंगीत झेरॉक्स काढून आणली होती. वाटेत थांबून दादाला आणि त्याच्याबरोबरच्या दोन गड्यांना दाखवली.

"ह्ये?" दादानं कागद लांब धरला, जवळ धरला. "ह्ये कुत्रं हाय."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. ह्याचं शेपूट बघ की. लांडग्याचं शेपूट असं असतं व्हय?"

"असतंय की," एक गडी म्हणाला. "लांडगंच हाय ते. जरा उपाशी हाय."

"तू कव्हा लांडगं एवढ्या जवळून पाहिलं रं?"

"तुमच्याआधी पाहिलंय. कालव्याच्या चारीत."

"त्यो लांडगा नव्हता, तुझा मामा होता."

झालं. त्या कागदावरून जे जुंपलं ते दिवसभर पुरलं. लांडग्याचं शेपूट, लांडग्याचे कान, कुणाच्या आज्यानं लांडग्याच्या मागं किती शेतं ओलांडली. मला काही विचारावंच लागलं नाही. मी धापा टाकत मागून चालत होतो, रेकॉर्डर खिशात सुरू होता, आणि लांडगं, लांडगं, लांडगं असा नुसता पाऊस. माझं वर्षभराचं व्हाउचर त्या एका दुपारी जमा होत होतं.

मग ऊन उतरायला लागलं. मेंढरांनी आपापली तोंडं घराकडं वळवली. आता बदलणार, म्हणून मी जवळ सरकलो, जवळजवळ दादाच्या टाचेवर पाय देत. भांडण चालूच होतं. ओढा ओलांडला तेव्हा लांडगं होतं. अद्रकाच्या शेताच्या बांधावर दादा 'त्याचं शेपूट' म्हणाला. मग एक गडी परत एकदा लांडगं म्हणाला, पण हळू. मग 'ते'. मग एक कोकरू अडलं, एक गडी त्यासाठी मागं वळला, मीही वळलो. परत आलो तेव्हा दादा म्हणत होता, "माळावरल्याचे कान असे पडलेले नसतात, कितीदा सांगू." मेंढरं अजून वाघुरीत गेलेली नव्हती. दिवेही लागले नव्हते. कुणी कुणाला गप्प केलं नव्हतं. शब्द कुठं बदलला ते मी, अगदी शेजारी चालूनही, चुकवलं.

"लिव्हलं का मास्तर?" दादानं विचारलं.

"उद्या परत चालावं लागेल."

"उद्या कशाला, रोज चाल. पोट कमी हुईल."

शेकोटीपाशी बसलो तेव्हा पायांचा भुगा झाला होता आणि तरी मी दर थोड्या वेळानं उठून वाघुरीभोवती चक्कर मारत होतो. बायकोचा फोन आला.

"काय, मिळालं का? काय म्हणतात दिवसा?"

मी मेंढरांकडं बघितलं. ती खाली बसत होती, एकमेकांना टेकून.

"मिळालं," मी म्हणालो. "पण आता सांगता येत नाही. सकाळी फोन करतो."